दगड वाचणाऱ्यांचा मान

१८३१च्या फेब्रुवारीत लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने वोलॅस्टन पदकाचा पहिला मानकरी जाहीर केला. एकसष्ट वर्षांचा हा विल्यम स्मिथ सोसायटीचा साधा सभासदही नव्हता. लोहाराचा मुलगा, शिक्षण गावच्या शाळेपुरते, पोटापाण्याचा धंदा जमीनमोजणीचा. बारा वर्षांपूर्वी कर्ज फिटेना म्हणून तो तुरुंगात जाऊन आला होता.

या माणसाने केले काय होते? सॉमरसेट परगण्यात कोळशाच्या खाणी होत्या आणि कोळसा वाहून नेण्यासाठी कालवा खणला जात होता. त्या कामावर मोजणीसाठी हिंडताना स्मिथला उघडे पडलेले जमिनीचे थर रोज दिसत. हे थर सगळीकडे एकाच क्रमाने येतात आणि प्रत्येक थरात त्याचे स्वतःचे असे जीवाश्म सापडतात, हे त्याच्या ध्यानात आले. दोन खडक रंगाने आणि पोताने सारखे दिसले, तरी आतले शिंपले वेगळे असतील तर थर वेगळे. आज हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. तेव्हा मात्र जमिनीखाली काय आहे याचा अंदाज ठिकठिकाणी खणूनच घेतला जाई. कोळसा मुळीच नसलेल्या जागी खड्डे खणून लोक बुडत होते.

स्मिथ वर्षानुवर्षे देशभर हिंडला आणि १८१५ साली त्याने इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. आठ फुटांहून उंच, सहा फूट रुंद, हाताने रंगवलेला. एका माणसाने एवढ्या मोठ्या प्रदेशाचा इतका तपशीलवार नकाशा त्याआधी केला नव्हता. पाच वर्षांतच सोसायटीने स्वतःचा नकाशा काढला. त्यात स्मिथच्या कामाचा आधार होता. श्रेय मात्र त्याला मिळाले नाही. दरम्यान कर्ज वाढत गेले आणि आयुष्यभर जमवलेले जीवाश्म त्याला ब्रिटिश म्युझियमला विकावे लागले.

म्हणून १८३१च्या त्या सभेचे मोल मोठे आहे. सोसायटीचे अध्यक्ष अ‍ॅडम सेजविक यांनी स्मिथला इंग्लिश भूशास्त्राचा जनक म्हटले, तेही ज्या संस्थेने त्याला इतकी वर्षे दाराबाहेर ठेवले तिच्याच व्यासपीठावरून. पुढच्या वर्षी सरकारने त्याला सालीना शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. स्मिथचा नकाशा आणि सोसायटीचा नकाशा आज लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये, सोसायटीच्या वास्तूत आहेत.

पदकाला नाव दिलेले विल्यम हाइड वोलॅस्टन हे रसायनशास्त्रज्ञ. पॅलेडियम हा धातू त्यांनी शोधला. आपल्या मृत्यूपूर्वी त्यांनी सोसायटीकडे हजार पौंडांचा निधी ठेवला. स्मिथचे पदक सोन्याचे होते. हल्ली हे पदक पॅलेडियमचेच घडवतात. १८५९ साली ते चार्ल्स डार्विनला मिळाले.

त्याआधी, १८३७ साली, हे पदक भारतात केलेल्या कामासाठी दिले गेले होते. ह्यू फाल्कनर हा सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख, पेशाने डॉक्टर. प्रोबी कॉटली हा कालव्यांचा अभियंता, पुढे गंगा कालवा बांधणारा. दोघांनी शिवालिकच्या टेकड्यांतून प्राचीन प्राण्यांची हाडे शोधून काढली. जिराफाच्या गोतातल्या एका प्रचंड प्राण्याला त्यांनी शिवाच्या नावावरून सिवाथेरियम म्हटले आणि एका लांब सुळ्यांच्या हत्तीला गणेशाचे नाव दिले. भूशास्त्राचा मान अशा आडवाटेने येणाऱ्यांकडे वारंवार गेला आहे. कारणही साधे आहे: जमीन पहिल्यांदा उघडी करतो तो कालवा खणणारा, खाण काढणारा, रस्ता पाडणारा.

या गणेश नावाच्या हत्तीची पुढची गाठ पडली ती एका शिक्षकाशी. सुरतेकडचे दाराशॉ नोशेरवान वाडिया १९०७ साली जम्मूच्या कॉलेजात शिकवायला गेले आणि चौदा वर्षे तिथे राहिले. वर्गातला फळा त्यांना पुरत नसे. सुट्टी लागली की विद्यार्थ्यांना घेऊन ते डोंगरांत जात. अशाच भटकंतीत शिवालिकच्या खडकांत त्या हत्तीचा सुमारे तीन मीटर लांबीचा सुळा सापडला. शिकवताना लागणारे पुस्तक नव्हते, म्हणून वाडियांनी ते स्वतः लिहिले. १९१९ साली निघालेल्या या ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’वर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. नंतर जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात असताना त्यांनी नंगा पर्वताभोवती हिमालयाच्या रांगा एकाएकी का वळतात, याचा उलगडा केला. १९४३ साली लंडनच्या सोसायटीने त्यांना लायेल पदक दिले, १९५७ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि पुढच्याच वर्षी पद्मभूषण. डेहराडूनची हिमालय भूविज्ञान संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

संशोधनाला पदक मिळते, शिकवण्याला क्वचित मिळते आणि सेवेला तर अजून कमी. बंगळूरचे बी. पी. राधाकृष्ण यांचे उदाहरण म्हणूनच मोलाचे वाटते. १९५८ साली जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि तिच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी अनेक वर्षे केले. दुसऱ्यांचे लेख तपासून, सुधारून छापण्याच्या कामात स्वतःचे संशोधन मागे पडते. पण देशातल्या तरुण भूशास्त्रज्ञांना आपले काम मांडायला जागा मिळाली ती त्यामुळे. त्यांना पद्मश्री मिळाली, हे योग्यच झाले.

सरकारी पातळीवर खाण मंत्रालयाने १९६६ साली राष्ट्रीय खनिज पुरस्कार सुरू केले. खनिजांचा शोध हा तेव्हाचा मुख्य हेतू नावातच दिसतो. २००९ साली कक्षा वाढवून त्यांना राष्ट्रीय भूविज्ञान पुरस्कार हे नाव दिले गेले.

स्त्रियांच्या वाट्याला मात्र फार मोठी प्रतीक्षा आली. १८९३ साली लंडनच्या सोसायटीने कॅथरीन रायझिन यांना लायेल निधी दिला, पण सभेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांच्या वतीने तो एका पुरुष प्राध्यापकाने स्वीकारला. स्त्रियांना फेलो होता आले ते १९१९ साली. वोलॅस्टन पदक पहिल्यांदा एका स्त्रीला मिळायला २०१४ उजाडले. त्या मॉरीन रेमो. हिमालय आणि तिबेट उंचावल्याने खडकांची झीज वाढली, त्या झिजेत हवेतला कार्बन डायऑक्साइड खर्ची पडला आणि पृथ्वी थंड होत गेली, ही मांडणी करणाऱ्यांत त्या आघाडीवर होत्या.

भूशास्त्रात मान देण्याची आणखी एक रीत आहे, नाव देण्याची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत एका लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि एडविन कोल्बर्ट या अमेरिकी अभ्यासकाच्या सन्मानार्थ प्रजातीला ‘कोल्बर्टी’ म्हटले. २००३ साली प्राण्याचा वंश नव्याने ठरला, तेव्हा इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव इसिसॉरस झाले. एका संस्थेचा आणि एका माणसाचा मान असा विदर्भातल्या त्या हाडांशी कायमचा जोडला गेला.