शाब्दिक उदाहरणे: अपूर्णांक कशाचा?

उदाहरणात ‘एक तृतीयांश’ दिसले की लगेच क्ष/३ लिहू नका. आधी पाहा, कशाचा एक तृतीयांश? एकूण संख्येचा की उरलेल्या भागाचा?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) दोन्ही प्रकार आहेत. पहिले उदाहरण भुंग्यांचे. थव्याचा १/५ भाग कदंबावर गेला, १/३ भाग शिलींध्रावर गेला, या दोन भागांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले आणि एक भुंगा हवेतच फिरत राहिला. इथे सर्व अपूर्णांक एकूण थव्याचे आहेत. एकूण भुंगे क्ष मानू.

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

छेद १५ करा. डावीकडे १४क्ष/१५ + १ येते, म्हणून क्ष/१५ = १ आणि क्ष = १५.

दुसरे उदाहरण यात्रेकरूचे. त्याने जवळच्या पैशांपैकी निम्मे प्रयागला दिले, उरलेल्याचे २/९ काशीला, त्यातून उरलेल्याचा १/४ वाटेतील जकातीत आणि पुन्हा उरलेल्याचे ६/१० गयेला. शेवटी ६३ निष्क (त्या काळचे नाणे) राहिले. हे चार अपूर्णांक सरळ मिळवले तर बेरीज २८३/१८० येते. म्हणजे जवळ होते त्याहून जास्त दान! चूक तिथेच उघडी पडते. दर वेळी काय गेले याऐवजी काय उरले ते लिहा आणि गुणाकार करा:

१/२ × ७/९ × ३/४ × ४/१० = ७/६०

क्ष चे ७/६० म्हणजे ६३, म्हणून क्ष = ५४०.

भास्कराचार्य अशी उदाहरणे ‘इष्टकर्म’ रीतीने सोडवतात. सोयीची कोणतीही संख्या धरायची आणि त्रैराशिक मांडायचे. भुंगे ३० धरले तर ६ + १० + १२ = २८ गेले, २ उरले; उरायला हवा १, म्हणून ३० × १/२ = १५. तोंडी हिशेबाला ही रीत फार सोयीची आहे, पण शेष एकूण संख्येच्या प्रमाणात असेल तरच ती चालते. समजा यात्रेकरूने ‘निम्मे आणि वर १० निष्क’ दिले आणि ६३ उरले. आता १०० धरले तर ४० उरतात, आणि त्रैराशिकाने १५७.५ हे चुकीचे उत्तर येते. असा सुटा आकडा आला की समीकरणच मांडावे:

क्ष/२ − १० = ६३, म्हणून क्ष = १४६.

ताळा पाहा: ७३ + १० = ८३ दिले, ६३ उरले.