चाड्यावरची मूठ आणि नळीतला डोळा

बुलढाणा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतीत खरिपाचे बरेचसे भवितव्य जून-जुलैमधल्या मोजक्या दिवसांत ठरते. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली उतरावी लागते, आणि त्यानंतर वाफसा यावा लागतो. वाफसा म्हणजे जमिनीची अशी अवस्था की जीत औत रुतत नाही आणि बीही कोरडे राहत नाही. ही अवस्था काळ्या जमिनीत फार टिकत नाही. उन्हाने वरचा थर लवकर सुकतो, आणि पाऊस परतला तर त्याच मातीचा चिखल होतो. म्हणूनच बैलाच्या तिफणीची जागा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने घेतली, तेव्हा त्यामागे वेळेचे हे गणित सर्वांत प्रबळ होते. मात्र या बदलात पेरणीवर सतत लागून असलेली माणसाची नजर सुटली. यंत्रावर बसवायची इलेक्ट्रॉनिक देखरेख यंत्रणा कशासाठी आहे, हे समजण्यासाठी आधी ती नजर कशी काम करत होती ते पाहिले पाहिजे.

तिफणीला तीन फण असतात. फणांमागच्या नळ्या वर एका लाकडी वाटीला, म्हणजे चाड्याला, जोडलेल्या असतात आणि चाड्याच्या तळाशी प्रत्येक नळीचे एक भोक असते. एक जण बैल हाकतो आणि दुसरा चाड्यावर मूठ धरतो. मूठ धरणे हे कसबाचे काम आहे, कारण बोटांच्या फटीतून बी किती सुटावे याचा अंदाज बैलांच्या चालीशी, बियाण्याच्या आकाराशी आणि जमिनीच्या मगदुराशी सतत जुळवून घ्यावा लागतो. तुरीसारखे आंतरपीक घ्यायचे असेल तर तिफणीमागे दोरीने बांधलेल्या सरत्यातून, म्हणजे एका सुट्या नळीतून, बहुधा एखादी स्त्री ते बी वेगळे सोडत चालते. यातली एखादी नळी चिखलाने बुजली तर बी चाड्यात साचू लागते, ते हाताला लगेच जाणवते आणि औत तिथल्या तिथे थांबते. बियाण्याचा प्रवाह पाहणारा, त्यातला खंड ओळखणारा आणि काम थांबवणारा असा हा माणूस होता. त्याच्या हाताखालून एका वेळी तीनच ओळी जात आणि औताचा वेग माणसाच्या चालीइतका असे, म्हणून ही देखरेख शक्य होती.

ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात बियाणे बंद पेटीत असते. पेटीच्या तळाशी खाचा असलेला रोलर किंवा कप्पे असलेली तिरकी तबकडी फिरते, तिला जमिनीवरून धावणाऱ्या चाकापासून साखळीने गती मिळते, आणि ती उचललेले बी प्लास्टिकच्या नळीतून दात्यामागच्या सरीत टाकते. चाक जितके फिरेल तितके बी पडेल, ही या रचनेतली मूळ कल्पना आहे आणि ती चांगली आहे. परंतु चालक पुढे पाहत असतो, नळ्या त्याच्या पाठीमागे असतात आणि इंजिनाच्या आवाजात बियाण्याचा आवाज ऐकू येत नाही. यंत्र जमिनीवर टेकवून ट्रॅक्टर जरा मागे घेतला, तर नळीच्या तोंडात मातीचा बोळा बसतो आणि ती ओळ रिकामी जात राहते. ही चूक सहा-सात दिवसांनी, बाकीच्या ओळी उगवून आल्यावर, दिसते. तोवर वाफसा निघून गेलेला असतो.

या नुकसानीचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर एका एकरात सुमारे ९ किलोमीटर लांबीच्या ओळी मावतात. सात दात्यांच्या यंत्रात प्रत्येक दात्याच्या वाट्याला एकरी जवळजवळ १,३०० मीटर येतात, म्हणजे एक नळी बंद राहिली तर शेताचा सातवा हिस्सा पेरला जात नाही. सोयाबीनचे रोप फांद्या फोडून शेजारची थोडी मोकळी जागा भरून काढते, परंतु अखंड रिकाम्या ओळीत तण माजते आणि ते डवऱ्याने व खुरपणीने काढण्याचा खर्च वेगळा येतो.

बियाण्याच्या मात्रेचाही असाच हिशेब आहे. सोयाबीनसाठी हेक्टरी ७५ किलो बियाणे वापरण्याची शिफारस रूढ आहे. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले तर ७५ किलोत सव्वासहा लाख दाणे येतात, आणि प्रमाणित बियाण्यासाठी ठरवलेली किमान ७० टक्के उगवण गृहीत धरली तर त्यातून सुमारे ४ लाख ४० हजार रोपे मिळतात. ४५ बाय ५ सेंटिमीटर अंतराने हेक्टरी जेवढी रोपे बसतात, तेवढीच ही संख्या आहे. म्हणजे ७५ किलोचा आकडा दाण्याचे एक ठरावीक वजन आणि एक ठरावीक उगवण यांच्यावर उभा आहे. दाणा टपोरा असलेल्या वाणाचे तेवढेच किलो पेरले तर दाणे कमी पडतात, आणि घरच्या बियाण्याची उगवण ८५ टक्के निघाली तर तेवढे बियाणे लागतही नाही. पेरणी यंत्र किलोची भाषा बोलते, तर पीक रोपांची; या दोन भाषांमधला दुवा म्हणजे नळीतून प्रत्यक्ष किती दाणे गेले याची मोजणी, आणि देखरेख यंत्रणा नेमकी तीच करते.

या यंत्रणेचा गाभा नळीच्या मध्यावर बसवलेला संवेदक असतो. नळीच्या एका बाजूला अवरक्त प्रकाश देणारा दिवा आणि समोरच्या बाजूला तो प्रकाश टिपणारा घटक असतो. अवरक्त म्हणजे तांबड्या रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. दाणा मधून गेला की त्याची सावली पडते, विद्युतप्रवाह क्षणभर घटतो आणि मायक्रोकंट्रोलर नावाची छोटी संगणकीय चकती त्या घटीची एक नोंद करते. अर्धा मीटरभर उंचीवरून पडणारा सोयाबीनचा दाणा प्रकाशाच्या पट्ट्यातून दोन-तीन सहस्रांश सेकंदांत पार होतो. ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने चालत असेल आणि हेक्टरी ७५ किलोची मात्रा असेल, तर प्रत्येक नळीतून सेकंदाला ३० च्या आसपास दाणे जातात. ही संख्या आणि ट्रॅक्टरचा वेग एकत्र केले की मीटरला किती दाणे पडत आहेत, कोणत्या ओळीत कमी पडत आहेत आणि कोणती ओळ बंद आहे, हे चालकासमोरच्या पडद्यावर दिसते आणि खंड पडल्यास भोंगा वाजतो.

या तंत्राचा उगम अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात आहे. इलिनॉय राज्यात १९६६ साली स्थापन झालेल्या डिकी-जॉन या कंपनीने बियाणे मोजणारे संच शेतापर्यंत नेले, आणि त्याच राज्यात १९९३ साली निघालेल्या प्रिसिजन प्लँटिंग या कंपनीने दाण्यामागून दाणा अचूक सुटावा यासाठी मोजणी आणि मापक यंत्रणा यांची सांगड घातली. तिथे चोवीस-चोवीस ओळींची यंत्रे चालतात आणि मक्याच्या एका ताटाला बहुधा एकच भरलेले कणीस येते, त्यामुळे चुकलेला दाणा म्हणजे गेलेले कणीस असते. त्या पिकाच्या गरजेतून मोजमापाची परिभाषाही तयार झाली. ठरवलेल्या अंतराच्या निम्म्याहून जवळ पडलेल्या दाण्याला जोडदाणा म्हणायचे, दीडपटीहून अधिक अंतर पडले तर तिथे दाणा चुकला असे मानायचे, आणि या दोन्हींचे शेकडा प्रमाण जितके कमी तितके यंत्र चांगले, अशी ही आंतरराष्ट्रीय कसोटी आहे.

बुलढाण्यात ही कसोटी जशीच्या तशी लावणे योग्य ठरणार नाही. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागात सोयाबीनचे मोठे क्षेत्र आहे, आणि सोयाबीनला दाण्या-दाण्यातले अंतर मक्याइतके नेमके लागत नाही. शिवाय खाचांचा रोलर दाणे एकेक न सोडता पुंजक्याने सोडतो. दोन दाणे एकमेकांच्या सावलीत पडले तर प्रकाशाच्या संवेदकाला ते एकच वाटतात, त्यामुळे मोजणी खऱ्यापेक्षा कमी निघते. हा दोष संवेदकाचा कमी आणि रोलरचा अधिक आहे. तिरक्या तबकडीच्या किंवा हवेच्या दाबावर दाणा उचलणाऱ्या यंत्रात तो पुष्कळ घटतो. रोलरच्या यंत्रावर दाणे मोजण्याचा हट्ट धरण्यापेक्षा नळी वाहती आहे की बंद, एवढे सांगणारा साधा संच बसवावा हे अधिक शहाणपणाचे आहे. काही शे रुपयांत मिळणारा मायक्रोकंट्रोलर, प्रत्येक नळीला एक संवेदक, ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून वीज आणि चालकापुढे प्रत्येक ओळीचा एकेक दिवा, इतक्यावर हे काम होते. जिल्ह्यात भाड्याने चालणाऱ्या सर्वसाधारण पेरणी यंत्रावर एवढाही संच नसतो, ही खेदाची गोष्ट आहे, कारण इथले सर्वांत महागडे नुकसान बंद नळीचेच आहे.

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांत, जमीन खोल आणि काळी आहे. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते, चाकाला लगडते आणि वाफसा जरासा कच्चा असला तरी यंत्राचे चाक फिरण्याऐवजी घसरते. चाक घसरले की रोलर तितका कमी फिरतो आणि पेटीतले बी नीट असूनही ओळ विरळ पडते; नळी बुजलेली नसल्याने साध्या दिव्याच्या संचालाही हे कळत नाही. इथे ट्रॅक्टरचा खरा वेग उपग्रहाच्या साहाय्याने मोजून त्याची चाकाच्या फेऱ्यांशी तुलना करणारी यंत्रणा उपयोगी पडते, कारण दोन्हींतला फरक म्हणजेच घसरण. घाटावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत अडचण उलटी असते. तिथे दाता दगडावर उसळतो आणि तीन ते पाच सेंटिमीटरवर पडायला हवे ते बी कुठे उघडे राहते, कुठे खोल जाते. सोयाबीनचे साल पातळ असते आणि खोल पडलेले बी जोराच्या पावसाने वर पापुद्रा धरला की बाहेर येऊ शकत नाही. खोलीवर लक्ष ठेवण्यासाठी दात्यावरचा दाब मोजणारे संवेदक आहेत, पण ते महाग आहेत, आणि तूर्त यंत्राची उंची शेतागणिक बदलण्याची सवय त्याहून स्वस्त व खात्रीची आहे.

संचाची निगा हा स्वतंत्र विषय आहे. सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीपूर्वी बुरशीनाशक आणि त्यानंतर रायझोबियम व स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक चोळतात. ही प्रक्रिया पिकाला हितकारक आहे आणि ती सोडता कामा नये. परंतु तिची भुकटी व गुळाच्या पाण्याचा चिकटपणा नळीच्या आतल्या काचेवर थर धरतो, आणि थर जाड झाला की संवेदकाला बी सतत अडकल्यासारखे वाटू लागते. बियाणे सावलीत पुरते सुकवणे आणि दर दिवसाच्या शेवटी मऊ कुंचल्याने नळी झाडणे, एवढे केले तर बहुतेक खोटे इशारे टळतात. प्रकाशाऐवजी उच्च वारंवारतेच्या लहरींनी दाण्याचे वस्तुमान जाणणारे नवे संवेदक धुळीला दाद देत नाहीत, मात्र ते मोठ्या परदेशी यंत्रांसाठी घडवलेले आहेत.

रुंद वरंबा सरी पद्धतीमुळे या यंत्रणेचे महत्त्व वाढले आहे. या पद्धतीत ट्रॅक्टरचे यंत्र एकाच वेळी रुंद गादीवाफा तयार करते, त्यावर ओळी पेरते आणि दोन्ही बाजूंना सऱ्या काढते. अतिपावसात त्या सऱ्यांतून पाणी निघते आणि उघडीप पडली तर त्यांच्यात मुरलेली ओल पिकाला पुरते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने विदर्भात तिचा प्रसार केला, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही बुलढाणा जिल्ह्याचा समावेश असून तिथे ही पद्धत राबवली गेली. सरीसाठी जागा सोडावी लागत असल्याने या पद्धतीत बियाणे कमी लागते. बियाणे कमी म्हणजे चुकीला वावही कमी, कारण दाट पेरणीत झाकून जाणारी तूट इथे उघडी पडते.

एका बाबतीत मात्र पडद्यावरचा आकडा पुरेसा नसतो. संवेदक नळीतून गेलेला दाणा मोजतो, उगवलेले रोप नव्हे. पेरणीपूर्वी यंत्र उचलून, चाक ठरावीक फेऱ्या हाताने फिरवून प्रत्येक नळीखाली पिशवी बांधायची आणि पडलेले बी तोलायचे, ही जुनी पडताळणी संच बसवल्यावरही करावीच लागते. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासणेही टाळता येत नाही. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. अशा तक्रारीत तालुकास्तरीय समिती शेतावर येते तेव्हा बियाणे सदोष होते, पेरणी खोल झाली होती, की पाऊस अपुरा होता, हा वाद उभा राहतो, आणि उगवलेल्या रोपांपलीकडे पुरावा फारसा शिल्लक नसतो.

या वादात पेरणीच्या दिवशीची नोंद कामाची आहे. ४५ सेंटिमीटरच्या ओळीत २ मीटर २२ सेंटिमीटर लांबी म्हणजे एक चौरस मीटर. तेवढ्या लांबीतली रोपे दहाव्या-बाराव्या दिवशी शेताच्या पाच-सहा ठिकाणी मोजली आणि यंत्रणेने त्याच शेतात नोंदवलेल्या दर चौरस मीटर दाण्यांशी ताडून पाहिली, तर दाणा पडलाच नाही की पडून उगवला नाही हे वेगळे काढता येते. यंत्रणेत वेग आणि वेळही नोंदली जात असल्याने एकराच्या भावाने पेरणाऱ्या चालकाने घाईत यंत्र पळवले होते का, हेही कळते. पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने स्वतःसाठी असा संच घ्यावा ही अपेक्षा गैर आहे. ज्या यंत्राखालून हंगामात शेकडो एकर जातात, ते भाड्याचे यंत्र आणि शेतकरी गटांची अवजार बँक यांच्याकडे तो आधी असला पाहिजे, आणि पेरणी झाल्यावर एकराच्या पावतीबरोबर ओळीनिहाय दाण्यांची नोंदही शेतकऱ्याच्या हाती पडली पाहिजे.