शब्दांचा नाद आणि भाषेचा पाठ

शाळेत येणारे मूल अक्षर ओळखण्यापूर्वीच शब्दांच्या नादाशी परिचित झालेले असते. मुरूड, श्रीवर्धन किंवा अलिबागकडील मुलाने समुद्राची ‘गाज’ ऐकलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती ते ‘उधाण’ आणि अष्टमीच्या सुमाराची बेताची भरती तो ‘भांग’, हे त्यास घरीच कळलेले असते. हे भांडवल वर्गाच्या दाराबाहेर राहू नये.

व्याकरणात ज्यांस अनुकरणवाचक शब्द म्हणतात, त्यांचे मराठीत मोठे भांडार आहे. पावसाचेच उदाहरण घ्यावे. पागोळ्या ‘टपटप’ गळतात. ‘रिमझिम’ सुखविते, ‘रिपरिप’ कंटाळा आणते आणि आषाढात पाऊस ‘धो धो’ कोसळतो. ‘टपटप’ मधील ट व प हे कठोर वर्ण होत. ते उच्चारताना श्वास क्षणभर अडतो व सुटतो. म्हणून थेंबामागून थेंब पडल्याचा भास होतो. ‘गडगड’ मधील ग व ड मृदू असून त्यांच्या उच्चारात कंठ कंप पावतो. त्यामुळे मेघांचा घोष मनात उमटतो. पाणी ‘खळखळ’ वाहते, वारा ‘झुळझुळ’ वाहतो, जखमेतून रक्त ‘भळभळ’ वाहते. तिन्ही ठिकाणी ‘ळ’ आहे. हा नियम नव्हे. परंतु असे साम्य मुलांनी स्वतः शोधले म्हणजे त्यांचा कान तयार होतो.

याच ‘ळ’ पाशी एक नाजूक प्रश्न उभा राहतो. आगरी व कोळी घरांतील पुष्कळ मुले ‘डोळा’ यास ‘डोला’ व ‘पाणी’ यास ‘पानी’ म्हणतात. त्यावर वर्ग हसला, की मूल गप्प बसते. आणि एकदा मिटलेले तोंड वाचनाच्या तासालाही उघडत नाही. वस्तुतः तो त्या बोलीचा रूढ उच्चार आहे, अज्ञान नव्हे. प्रमाण उच्चार अवश्य शिकवावा. मात्र घरचा शब्द हिरावून न घेता, त्यात भर म्हणून शिकवावा. जिभेचे टोक मागे वळवून टाळूस लावण्यास सांगावे आणि काल-काळ, बाल-बाळ अशा जोड्या म्हणवून घ्याव्यात. अर्थ पालटतो हे ध्यानी येताच मुले आपण होऊन सावध होतात.

शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस प्रत्येक मुलास घर, शेत वा बंदर येथील एक नादमय शब्द आणावयास सांगावे. तो फळ्यावर लिहावा, मोठ्याने म्हणवावा व संग्रहवहीत उतरवून घ्यावा. जो शब्द मुलाने स्वतः आणला, तो वाचावयास त्यास भय वाटत नाही.