वळण आणि धूर

राउटरवरचा ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकायला लागला की आपण कंपनीला फोन लावतो. फायबरचं काम करणारा माणूस मात्र घरात शिरताच दाराची चौकट बघतो, मग कपाटामागचा कोपरा. केबल तिथे काटकोनात दाबून वळवलेली असेल, तर निम्मं निदान तिथेच होतं.

आमच्या पुण्यातल्या सात मजली सोसायटीत डक्टमधून घरोघर फायबर न्यायचं काम निघालं, तेव्हा समितीचा सदस्य म्हणून मी ते उभं राहून पाहिलं. गच्चीपर्यंत आलेली काळी केबल बरीच उरली होती. तीच आतून का नेत नाही, असं चिटणीसांनी विचारलं. कंत्राटदाराने तिचं टोक सोललं. आत नळी, नळीत चिकट जेल.

“पाणी शिरू नये म्हणून हे घालतात. उभ्या डक्टमध्ये उन्हाळ्यात खाली ओघळतं,” तो म्हणाला. “आणि हे काळं पॉलिथिन उन्हात टिकतं, पण आगीत पेटतं.”

अमेरिकेच्या विद्युत संहितेत अशी बाहेरची केबल इमारतीत शिरल्यावर साधारण १५ मीटरच्या आत संपवावी लागते. आम्हीही ती गच्चीवरच्या पेटीत संपवली आणि तिथून पुढे आतली केबल जोडली.

आतल्या केबलची पहिली परीक्षा आगीची. डक्ट म्हणजे आगीच्या वेळी इमारतीच्या पोटातलं उभं धुराडं. साधं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि डोळ्यांतल्या, घशातल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. पळणाऱ्याला जिना दिसायला हवा, त्याच वेळी डोळे उघडत नाहीत. म्हणून आवरण ‘एलएसझेडएच’ हवं, म्हणजे कमी धुराचं आणि हॅलोजन नसलेलं. विजेच्या वायरींवर दिसणारं ‘एफआरएलएस’ वेगळं. धूर कमी करत असलं तरी ते पीव्हीसीच. आणि हॅलोजन नाही एवढ्यावरून ज्वाला वर चढणार नाही, असंही ठरत नाही. त्याची चाचणी निराळी. आयईसी ६०३३२-१ मध्ये एकच केबल पेटवून बघतात, ६०३३२-३ मध्ये उभा जुडगा. डक्टमध्ये जुडगाच असतो, त्यामुळे दुसरी चाचणी पास झालेली केबल मागायची. शिवाय प्रत्येक मजल्यावर स्लॅबमधलं भोक अग्निरोधक मसाल्याने बुजवायचं. ते राहिलं तर चांगल्या आवरणाचा उपयोग अर्धाच.

दुसरी परीक्षा वळणाची. ती कंत्राटदाराने पॉवर मीटर लावून दाखवली. साध्या जी.६५२.डी जातीच्या पॅच कॉर्डचे जाड मार्करभोवती दोन-तीन वेढे घातले, तसा आकडा घसरत गेला. जी.६५७.ए२ जातीच्या कॉर्डचे तेवढेच वेढे घातले, तेव्हा तो जेमतेम हलला. वळण तीव्र झालं की गाभ्यातला प्रकाश बाहेर गळतो. ए२ ची काच ही गळती रोखेल अशीच घडवलेली असते. मानकांत पहिलीची परीक्षा ३० मिलिमीटर त्रिज्येवर होते, दुसरीची ७.५ वर. आपल्या घरांच्या चौकटी आणि केसिंग-पट्ट्यांचे कोपरे ३० मिलिमीटरची चैन कुठली परवडू देतात!

गळती इतकी मोजायची, कारण हाताशी प्रकाश थोडा असतो. दर ३ डीबीला तो निम्मा होतो. आठ घरांत वाटणारा स्प्लिटर एकटाच सुमारे १० डीबी खातो. घरातल्या राउटरला उणे २७ डीबीएमच्या आसपासपेक्षा कमी मिळालं की लाल दिवा ठरलेला.

फायबर सिंगलमोड घ्यावं की मल्टिमोड, हा वाद घरांसाठी नाहीच. घरगुती सेवेचं जाळं सिंगलमोडवर चालतं. ३०० मीटरपर्यंत दहा गिगाबिट नेणारी ओएम३ मल्टिमोड ऑफिसांच्या सर्व्हर रूमना शोभते. तिचं आवरण बहुधा फिकट निळं-हिरवं असतं, सिंगलमोडचं पिवळं.

दोन गोष्टींवर मात्र पैसे वाचवू नयेत. घरागणिक दोन कोअर, म्हणजे फायबरचे दोन धागे, घ्यावेत, एक चालू आणि एक राखीव; डक्ट पुन्हा उघडण्याची मजुरी जादा कोअरपेक्षा खूपच महाग पडते. आणि ताण घेणारी दांडी स्टीलची नको, फायबरग्लासची हवी, म्हणजे विजेच्या वायरींशेजारी धातू जाणार नाही.

माल आला की ड्रमवरच्या स्टिकरवर भागवू नये. केबलच्या अंगावरची छपाई वाचावी. फायबरची जात, कोअर, आवरण आणि दर मीटरला वाढत जाणारा आकडा तिथे असतो. जी.६५७ वगैरे आमच्या समितीत फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. खजिनदारांनी मात्र तळाशी आणि सातव्या मजल्यावर त्या आकड्यांचे फोटो काढले, वजाबाकी केली आणि बिलातले मीटर जुळल्यावरच चेकवर सही केली.