ग्राउंडच्या दिवशी पोटात काय असावे?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. १०० मीटर धाव आणि गोळाफेक दोघांनाही असते. शिपाई पदासाठी या सगळ्याचे मिळून गुण ५०. साठ किलो वजनाच्या उमेदवाराला १६०० मीटर धावायला साधारण शंभर किलोकॅलरी लागतात, म्हणजे एका केळ्यातून मिळते तेवढी ऊर्जा. नीट जेवणाऱ्या माणसाच्या स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने याच्या दहापटीहून अधिक ऊर्जा साठलेली असते. १०० मीटरची धाव आणि गोळाफेक तर मुख्यतः स्नायूंत तयार असलेल्या एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेटवर निभावतात. त्यामुळे त्या सकाळी खाऊन ताकद वाढत नाही. खाल्लेले आडवे येऊ नये, एवढेच पाहायचे असते.

स्नायूंतला हा साठा आदल्या एक-दोन दिवसांच्या जेवणातून भरतो. रात्री वरण-भात, पोळी किंवा भाकरी आणि साधी भाजी पुरते. मिसळ, फरसाण, मटणाचा तिखट रस्सा आणि कच्ची मोड आलेली कडधान्ये त्या रात्री नकोत. तेल आणि तंतुमय पदार्थ पोटात रेंगाळतात, आणि बाहेरगावच्या गाड्यावरचे काही बाधले तर वर्षभराचा सराव वाया जातो.

यकृतातला ग्लायकोजेनचा साठा मात्र रात्रभराच्या उपासाने बराच उतरतो. मेंदूला लागणारी साखर तिथूनच येते, म्हणून काहीच न खाता मैदानात उतरणेही बरे नाही. धावण्याआधी दोन-तीन तास पोहे, उपमा किंवा दूध न घालता गूळ-पोळी असा हलका नाश्ता पुरतो. धावताना रक्त पायांकडे वळते आणि पचन मंदावते. भरल्या पोटी मळमळ आणि कुशीत कळ येते ती बहुधा यामुळेच.

खरी अडचण वेळेची आहे. उमेदवार पहाटे रांगेत लागतो, मग कागदपत्रे, उंची-छातीचे मोजमाप, चेस्ट नंबर, आणि प्रत्यक्ष धावण्याची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. अशा वेळी पिशवीत दोन केळी आणि थोडे खजूर असावेत. धाव तासाभरावर आली असे दिसले की एक केळे खावे, वाट लांबली तर दुसरे.

रांगेत ग्लुकोजची पूड तळहातावर घेऊन चाटणारे पुष्कळ दिसतात. दाट साखर आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे पोट ढवळू शकते. काहींची रक्तातली साखर आधी चढून मग खाली येते आणि अंगाला कापरे सुटते. चहाची सवय असलेल्याने एक कप घ्यायला हरकत नाही. कॅफिनचा परिणाम पाऊण ते एक तासाने पूर्ण जाणवतो. सवय नसताना एनर्जी ड्रिंक घेतले तर छातीची धडधड तेवढी वाढते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. धावण्याआधी सुमारे चार तास, वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे साठ किलोला ३०० ते ४२० मिलिलिटर पाणी प्यावे. नंतर तहानेप्रमाणे घोट-घोट. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. उन्हात तासन्‌तास थांबावे लागले आणि घाम वाहिला, तर ओआरएस उपयोगी पडते. मात्र पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावे. एकदम दोन लिटर पाणी ढोसल्याने पोट डचमळते, आणि फारच अती झाले तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला उतरते.

उन्हाकडे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते. मुंबईत जून २०१४ च्या भरतीत, तेव्हाच्या ५ किलोमीटरच्या धावेत, काही तरुणांचा मृत्यू झाला होता. चक्कर, थंडी वाजून येणे, बोलणे असंबद्ध होणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. ती दिसताच धावणे थांबवून सावलीत जावे, अंगावर पाणी ओतून घ्यावे आणि मैदानावरच्या वैद्यकीय पथकाला लगेच सांगावे.