समलिंगी प्रवाशाचा जगाचा नकाशा वेगळा का असतो?

थायलंड, दुबई, सिंगापूर... रील्स बघता बघता आपण मनातल्या मनात अर्धं जग फिरून येतो. व्हिसा, तिकीट आणि बजेट जमलं की बॅग भरायची. समलिंगी माणसाला मात्र त्याआधी आणखी एक प्रश्न पडतो: तिथे मी गुन्हेगार तर ठरणार नाही ना?

आज सत्तरी ओलांडलेल्या समलिंगी पुरुषांच्या पिढीला हा प्रश्न आयुष्यभर पडत आला. दर काही वर्षांनी त्याचं उत्तर बदलतानाही या पिढीने पाहिलं. नेमकं काय बदललं? समजून घेऊया.

एका आयुष्यात बदललेलं जग

पत्रकार अशोक राव कवी यांचा जन्म 1947 साली मुंबईत झाला. समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. 1986 साली 'सॅव्ही' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत ते याबद्दल मोकळेपणाने बोलले होते.

ते वीस वर्षांचे असताना, 1967 साली, इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधले खासगी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून वगळले गेले. 1969 साली पश्चिम जर्मनीनेही कायदा सैल केला. कवी यांनी पत्रकारितेचं शिक्षण बर्लिनमध्येही घेतलं. जर्मनीतलं 175 क्रमांकाचं ते जुनं कलम पूर्णपणे रद्द व्हायला मात्र 1994 साल उजाडलं.

2001 साली नेदरलँड्सने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. असं करणारा तो जगातला पहिला देश. ज्या पिढीने तरुणपणी तुरुंगाची भीती पाहिली, तिनेच पन्नाशीत लग्नाच्या बातम्या वाचल्या.

अमेरिकेने दारच बंद ठेवलं होतं

आज अमेरिकेतल्या प्राइड मिरवणुकांचे फोटो सगळीकडे दिसतात. पण समलिंगी परदेशी माणसाला देशात येऊ न देण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात अनेक दशकं होती. ती 1990 साली काढली गेली. एचआयव्हीसह जगणाऱ्यांवरची प्रवेशबंदी त्यानंतरही राहिली आणि 2010 साली उठली. म्हणजे काही जणांचा प्रवास विमानतळावरच संपू शकत होता.

आपलंच कलम परदेशात भेटतं

ब्रिटिशांनी 1860 साली भारतीय दंड संहिता आणली. त्यातल्या कलम 377 ने समलिंगी संबंध गुन्हा ठरवले. हाच साचा ब्रिटिशांनी इतर वसाहतींतही वापरला. म्हणून भारतीय प्रवासी सिंगापूर किंवा मलेशियात उतरला, तरी 377 हा आकडा त्याची पाठ सोडत नसे. सिंगापूरने आपलं 377-अ कलम 2022 साली रद्द केलं. मलेशिया, पाकिस्तान आणि बांगलादेशात 377 अजूनही आहे.

साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. सौदी अरेबिया, कतार, कुवेत आणि ओमान त्यात येतात. आखातात पर्यटक चार दिवस राहून परततो, पण कामाला गेलेला माणूस वर्षानुवर्षं तिथे राहतो. फोनमधले फोटो, मेसेज आणि सोबत राहणारा मित्र, सगळंच त्याला जपावं लागतं.

मग माणसं परत का आली?

परदेशात मोकळीक होती, तर तिथेच का राहिले नाहीत? बिंदुमाधव खिरे यांचं उदाहरण बघा. ते अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरी करत होते. भारतात परतल्यावर 2002 साली त्यांनी पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला आणि समलिंगी आयुष्याबद्दल मराठीत पुस्तकं लिहिली.

अशोक राव कवी यांनीही 1990 साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं. 1994 साली 'हमसफर ट्रस्ट' उभी राहिली. बाहेर जे पाहिलं, ते घरच्या माणसांना आपल्या भाषेत सांगणारं कुणीतरी हवं होतं. ते काम इथे राहूनच होणार होतं.

घरी पोहोचल्यावर काय?

भारतात हा रस्ता सरळ नव्हता. 2009 साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निकाल दिला. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अखेर 6 सप्टेंबर 2018 रोजी घटनापीठाने हे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. तेव्हा कवी 71 वर्षांचे होते.

लग्नाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. थायलंडमध्ये जानेवारी 2025 पासून असं लग्न कायदेशीर आहे. पण तिथे लग्न केलेले दोन भारतीय पुरुष मुंबई विमानतळावर उतरले, की भारतीय कायद्याच्या नजरेत त्यांचं नातं उरत नाही. तरुणपणी हे चालून जातं. सत्तरीत जोडीदार आजारी पडला, की दवाखान्यात 'तुम्ही त्यांचे कोण?' हा प्रश्न येतो. एक जण गेल्यावर घर कुणाच्या नावावर, हा वाद उभा राहतो. म्हणून मृत्युपत्र करून ठेवणं अशा जोडप्यांसाठी फार महत्त्वाचं ठरतं.

वाशीत राहणाऱ्यासाठी याचा अर्थ काय?

वाशी म्हणजे नवी मुंबईचं नव्हे, धाराशिव जिल्ह्यातलं. इथल्या समलिंगी माणसाने कधी विमान पाहिलं नसेल, तरी 2018 च्या निकालाने त्याला मुंबईकराइतकंच संरक्षण दिलं आहे. 2024 साली केंद्र सरकारने आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि एकमेकांना नॉमिनी करता येतं. रेशनकार्डासाठीही त्यांना एकाच घरातले मानायचं आहे.

पण कायदा दिल्लीहून वाशीला एका दिवसात पोहोचतो, गावाच्या नजरेला वेळ लागतो. तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. 'लग्न का नाही केलं?' हा प्रश्न साठीतही चुकत नाही. म्हणून अनेकांचा पहिला मोठा प्रवास परदेशाचा नसतोच. तो असतो पुण्या-मुंबईचा, जिथे कुणी ओळखत नाही.

ओळख लपवण्यासाठी गाव सोडावं लागू नये, इतकंच मागणं आहे. जग बघायला जावं ते हौसेने, आणि परत यावं ते आपल्याच घरी.