गोटी थांबते तेव्हा

‘त्वरण म्हणजे वेगातील बदलाचा दर.’ नववीच्या वर्गात ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. मग मी विचारते, वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला पोचतो तेव्हा त्याचं त्वरण किती? निम्म्याहून अधिक हात ‘शून्य’ म्हणायला वर होतात. यात शब्दाचाही वाटा आहे, असं मला वाटतं. ‘त्वरा करा’, ‘त्वरित कळवा’ ऐकत वाढलेल्या मुलाला त्वरण म्हणजे जोरात पळणंच वाटणार. जे थांबलंय त्याला कसलं त्वरण?

म्हणून आधी गोटी. अ‍ॅल्युमिनियमची दोन मीटरची पन्हळ, एका टोकाखाली दोन पुस्तकं, पन्हळीवर आडवे बांधलेले चार बारीक दोरे. गोटी दोऱ्यावरून गेली की ‘टक्’ वाजतं. मोबाइलवर सेकंदाला एक ठोका लावायचा आणि ठोक्यासरशी गोटी सोडायची. प्रत्येक ‘टक्’ ठोक्यावर पडला पाहिजे.

मुलं पहिल्यांदा दोरे सारख्या अंतरावर बांधतात. साहजिकच लय चढत जाते, शेवटचे दोन ‘टक्’ तर एकमेकांना चिकटतात. मग दोरे सरकवायचे, पुन्हा सोडायची, पुन्हा ऐकायचं. ठोका किंचित चुकला तरी कानाला खटकतो. यात अर्धा तास जातो. तो जाऊ द्यावा. गेल्या खेपेला दोरे साधारण 10, 40, 90 आणि 160 सेंटिमीटरवर येऊन जुळले. एकेका सेकंदात कापलेलं अंतर 10, 30, 50, 70. म्हणजे एक, तीन, पाच, सात.

विषम संख्यांचा हा नियम गॅलिलिओने उतारावरच्या गोळ्यांवरून मांडला. त्याचं पुस्तक 1638 मध्ये लायडनला छापलं गेलं. वेळ मोजायला तो भांड्यातून गळणारं पाणी तोलायचा. त्याचे वडील ल्यूट वाजवणारे संगीतज्ञ. त्यानेही आधी तालावर कान ठेवूनच अंतरं जुळवली असावीत, असं इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांचं म्हणणं होतं. आमच्या वर्गातला ‘टक्’ तिथलाच.

आता आकड्यांकडे पाहा. दर सेकंदाचा सरासरी वेग वेगळा, पण वाढ प्रत्येक वेळी 20 सेंटिमीटर प्रतिसेकंद. वेग बदलतोय, त्वरण तेच आहे.

मग दोरे सोडून टाकायचे आणि खालून गोटीला वर टिचकी मारायची. ती मंदावते, क्षणभर थांबते, परत फिरते. थांबते तिथे मी खडूने खूण करते आणि विचारते, ‘इथे त्वरण शून्य झालं असतं तर?’ वर्ग गप्प होतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मग ती तिथेच राहिली असती.’

बरोबर. वेग शून्य होता, पण बदलणं थांबलं नव्हतं. वर जाताना, थांबताना आणि खाली येताना त्वरण उताराच्याच दिशेने होतं. वर फेकलेल्या चेंडूचंही तसंच: हवेचा विरोध सोडला तर टोकालाही 9.8 मीटर प्रतिसेकंद वर्ग, खालच्या दिशेने.

नववीला शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. गतीची समीकरणं फळ्यावर लिहिण्याआधी एक तास या गोटीला द्या.